लास्करची चिठ्ठी

वोर्कुता, १४ एप्रिल १९५६

प्रिय वेन्या,

इथल्या दुकानात हेरिंग मासा ज्या कागदात बांधून देतात, त्यावर परवा तुझं नाव सापडलं. लेनिनग्राडचं संध्याकाळचं वर्तमानपत्र, बुद्धिबळाचं सदर, खाली 'वेनियामिन स्तोल्बोव्ह'. माशाचं तेल लागून अर्धा मजकूर गेला होता, पण एवढं वाचता आलं की तू जगज्जेत्यांवर पुस्तक लिहितो आहेस आणि 'सर्व काळातला सर्वांत थोर खेळाडू कोण' यावर वाचकांची मतं मागवली आहेस. तर हे एका वाचकाचं मत समज. माझं मत लास्कर.

अक्षर ओळखलं नसशील. उजव्या हाताची दोन बोटं थंडीने नेली, तेव्हापासून कोंबडीने उकरल्यासारखं लिहितो. मी केशा. इनोकेंती झाव्यालोव्ह, तुझ्या शेजारच्या लेथवरचा. दचकू नकोस, जिवंत आहे. दहा वर्षं छावणीत काढली, मग इथेच राहायची सक्ती झाली. आता सक्ती उठली आहे आणि मी खाणीच्या बॉयलरवर काम करतो. फक्त पासपोर्टवर एक शिक्का आहे. त्यामुळे लेनिनग्राडपासून एकशे एक किलोमीटरच्या आत राहता येत नाही. परवानगीच्या कागदाशिवाय शहरात सापडलो, तर पुन्हा आत.

मत देण्याआधी एक काम सांगतो, कारण खरं तर त्यासाठीच लिहितोय. फेब्रुवारीपासून जुने खटले रद्द करून घ्यायला सगळे अर्ज करताहेत, मीही केला. त्यांनी विचारलंय की आपल्या कारखान्याच्या बुद्धिबळ मंडळाच्या १९ डिसेंबर १९३७ च्या बैठकीला हजर असलेला कुणी साक्ष देईल का. मी यादी केली. अकरा जण होतो. पाच युद्धात शहराला वेढा पडला तेव्हा उपासमारीने गेले, तिघं आघाडीवर, एक माझ्यानंतर वर्षभराने नेला गेला तो परतला नाही. उरलो तू आणि मी.

एक पान लिहून दे, एवढंच मागतो. बैठकीत काय झालं होतं, ते जसंच्या तसं.

आणि दुसरं. आई अजून सोळाव्या लाइन रस्त्यावरच्या त्याच खोलीत आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, डोळे पूर्ण गेलेत. माझी पत्रं शेजारीण वाचून दाखवते, पण ती ट्रामवर कंडक्टर आहे, तिला वेळ कुठला? तू ट्रामच्या दोन थांब्यांच्या अंतरावर राहतोस. कधी वाकडी वाट केलीस तर तिला बरं वाटेल. तुझ्या हातचे जळके बटाटे तिला अजून आठवतात.

उत्तराची वाट बघणारा,
केशा

⁂

लेनिनग्राड, ९ मे १९५६

केशा, माझ्या राजा,

लिफाफा हातात घेऊन मी जिन्यावरच बसलो. बायको म्हणाली, कोण गेलं? म्हटलं, गेलं नाही, आलं! अठरा वर्षं, केशा. तू गेलास असं आम्ही धरून चाललो होतो. धरून चाललो होतो म्हणजे, विचारायचं कुणाला? तुला ठाऊक आहे.

कालच तुझ्या आईकडे, उस्त्या मावशीकडे, जाऊन आलो. साखर, रवा आणि थोडा चहा नेला. माझा आवाज ऐकून तिने नाव घेतलं नाही, आधी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मग म्हणाली, 'टक्कल पडलं की रे, वेन्या.' मी हसलो आणि नंतर रस्त्यावर येऊन रडलो, खोटं कशाला सांगू. आता दर पंधरवड्याला जाणार आहे. तुझी पत्रं मीच वाचून दाखवीन.

लास्कर म्हणतोस? अरे, तू अजून तिथेच! माझ्या पुस्तकात एक तक्ता आहे, तीन वर्षं त्यावर घालवली. पदवी किती वर्षं राखली, प्रतिस्पर्धी किती ताकदीचे होते, शंभर खेळ्यांमागे ढोबळ चुका किती, या सगळ्याला गुण. पण खरी गंमत शेवटच्या रकान्यात आहे. त्याला मी 'काळभत्ता' म्हणतो. मॉर्फीच्या वेळी सुरुवातीच्या खेळ्यांचा अभ्यास होता कुठे? आजचा शाळकरी मुलगा त्याच्याहून जास्त पाठ करून येतो. मग मॉर्फीला आजच्या मापाने मोजणं अन्यायाचं नाही का? म्हणून प्रत्येकाला त्याच्या काळाप्रमाणे गुण वाढवून द्यायचे. भत्ता धरला की काळ आडवा येत नाही, आणि शंभर वर्षांच्या अंतरावरचे दोघं एका पटावर बसतात. माझ्या हिशेबाने कापाब्लांका पहिला येतो. आठ वर्षं एकही डाव न हरलेला माणूस, केशा! लास्कर तिसरा.

तू सांगितलेल्या कागदाचं लक्षात आहे. नीट विचार करून लिहायला हवं, घाईत काही चुकीचं जायला नको. बैठकीचे तपशील मलाही जरा आठवावे लागतील.

प्रस्तावनेत तुझे आभार मानीन म्हणतो. आक्षेप नाही ना?

तुझाच,
वेन्या

⁂

वोर्कुता, १ जून १९५६

प्रिय वेन्या,

आईकडे गेलास. त्याबद्दल काय लिहू? इथे बर्फ अजून गेलेला नाही, पण ते पत्र वाचलं त्या दिवशी मी कोट उघडा टाकून बॉयलरपर्यंत चालत गेलो.

काळभत्ता आवडला. आम्हालाही इथे उत्तरेचा भत्ता मिळतो, थंडीत काम करतो म्हणून. पण तुझ्या भत्त्यात एक भानगड आहे. तो ठरवतो कोण? तूच. आणि तुला कापाब्लांका आधीपासून आवडतो. सोळाव्या वर्षी त्याच्यासारखा भांग पाडून फिरत होतास, विसरलास?

मी निराळं माप लावतो. राज्य गेल्यावर माणूस काय करतो, ते बघतो. ब्यूनोस आयर्सला कापाब्लांका हरला आणि उरलेलं आयुष्य परत सामना द्या म्हणत राहिला. अलेखिन जिंकला आणि उरलेलं आयुष्य तो सामना टाळत राहिला. लास्करने सत्तावीस वर्षं पदवी सांभाळली, गेली तर गेली म्हणाला, गणित करत बसला. जर्मनांनी घरदार काढून घेतल्यावर सहासष्टाव्या वर्षी मॉस्कोत येऊन नातवंडांच्या वयाच्या पोरांसमोर बसला आणि एकही डाव न हरता तिसरा आला. छावणीत माझ्या झोपायच्या फळीवर शेजारी एक म्हातारा शिक्षक होता. पावाचे मोहरे करून आम्ही लास्करचे डाव खेळत असू. तो म्हणे, हा माणूस बुद्धिबळ खेळत नाही, फक्त मोडून पडायला नकार देतो. तेवढं आम्हाला पुरत होतं.

आता बैठकीचं. तुला आठवावं लागेल म्हणतोस, तर मी मदत करतो.

अलेखिनने दोन वर्षांपूर्वी गमावलेली पदवी परत मिळवली ती बातमी येऊन दहा-बारा दिवस झाले होते. महिन्याचा वाद होता 'सर्वांत थोर कोण'. आपल्या मंडळाची पद्धत अशी की बाजू ज्याची त्याने निवडायची नाही. तीन चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या, जी येईल ती बाजू अर्धा तास लढवायची, मनात काही का असेना. टोपी तुझी होती, कानपट्ट्यांची. तुमानोव्हला कापाब्लांका आला. मला लास्कर आला. तुला अलेखिन आला.

देश सोडून गेलेला, वर्तमानपत्रं ज्याला शत्रू म्हणत होती, त्याची स्तुती अर्धा तास करायची. तुझा चेहरा पांढरा पडला. मोहऱ्यांच्या कपाटामागे नेऊन तू म्हणालास, 'केशा, बदल ना. माझा भाऊ आधीच चौकशीत आहे. तुझं तर काहीच नाही.' मी माझी चिठ्ठी तुला दिली. लास्कर तेव्हा नुकताच मॉस्कोत राहून गेलेला, निर्धास्त चिठ्ठी होती ती. आणि मी अलेखिनची बाजू घेतली आणि मूर्खासारखी फार छान मांडली. टाळ्या पडल्या होत्या.

इतिवृत्ताची वही तू लिहीत होतास. ती मी नंतर चौकशीच्या खोलीत पाहिली आहे, वेन्या. टेबलाच्या पलीकडे अधिकाऱ्यासमोर उघडी होती, मी उलटी वाचली. 'झाव्यालोव्ह यांनी अलेखिनची बाजू आपण होऊन मागून घेतली.' टोपीचा उल्लेख नव्हता. तुझ्याकडून ते कसं लिहवून घेतलं असेल, याची मला कल्पना आहे. मी स्वतः कितीतरी कागदांवर सह्या केल्या. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही, हे तुला शपथेवर सांगतो.

फक्त आता लिही. टोपी होती, चिठ्ठ्या होत्या, अदलाबदल झाली. ही तीन वाक्यं गेली की माझा शिक्का जातो आणि मी आईजवळ जाऊन राहू शकतो. मला दुसरं काही नको.

केशा

⁂

लेनिनग्राड, २ जुलै १९५६

प्रिय केशा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि जाळलं. रागावू नकोस, सवय आहे.

निवेदन पाठवून दिलं. जे आठवलं ते सगळं लिहिलं. आता त्याबद्दल आपण पत्रातून बोलायला नको.

एवढंच म्हणतो, केशा, ते दिवस वेगळे होते. आज खिडकीत उभं राहून त्या दिवसांकडे बोट दाखवणं सोपं आहे. माझा भाऊ त्यानंतरही सुटला नाहीच. मला तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा वही घेऊन यायला सांगितलं. माणसाला त्याच्या काळाच्या मापाने मोजावं, एवढीच माझी विनंती आहे.

आता चांगली गोष्ट. उस्त्या मावशीने काल तुझ्यासाठी पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. सोबत जोडतो. तुझ्या खोलीतली जिरेनियमची कुंडी अजून आहे, माहीत आहे?

पुस्तक प्रकाशकाकडे गेलंय. तिथून निरोप आला की अलेखिनवरचं प्रकरण चार पानांचं आहे ते चाळीस पानांचं करा. वारं फिरलंय. तो आता 'थोर रशियन प्रतिभावंत' आहे. तक्त्यातही त्याला वर आणावं लागेल, भत्त्यात जागा आहे.

वेन्या

(सोबतचा कागद, त्याच अक्षरात)

केशा, बाळा,

मी बरी आहे. शेजारची आग्लाया सूप देते, आणि वेन्या येतो तेव्हा गोड खायला मिळतं. पाय सुजतात, पण या वयात सगळ्यांचेच सुजतात. तुझे वडील गेले त्या वर्षी लावलेलं जिरेनियम अजून फुलतं, मला वासावरून कळतं. गळ्याला मफलर बांधत जा. कागद मिळेपर्यंत घाई करू नकोस. सगळं रीतसर होऊ दे. मी वाट बघते आहे.

तुझी आई

⁂

वोर्कुता, २० जुलै १९५६

प्रिय वेन्या,

आईचं पत्र उशाखाली ठेवलंय. अक्षर तुझं असलं तरी मफलर तिचाच.

तुला आता सांगायला हरकत नाही. मी या महिन्यातच येणार होतो, बिनकागदाचा. मालगाडीवरचा एक गार्ड ओळखीचा आहे, तो शहराच्या अलीकडे उतरवून देणार होता. सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत बाहेर पडलो असतो. सापडलो तर सापडलो. खाणीतून आठ दिवसांची रजाही मंजूर झाली होती. पण तिनेच घाई करू नको म्हटल्यावर मी रजा परत केली. रीतसर जाईन, राहायलाच जाईन. तिला एका दिवसाचा मुलगा काय करायचा? अठरा वर्षं थांबली, दोन-तीन महिने थांबेल.

तुझ्या निवेदनाबद्दल बोलायचं नाही म्हणतोस, तर एकच विचारतो. 'जे आठवलं ते', म्हणजे किती? हेरिंगच्या त्या कागदावर तू सेंट पीटर्सबर्गच्या १९१४ च्या स्पर्धेतला लास्करने कापाब्लांकाला हरवलेला डाव दिला होतास, तेल लागूनही तो ओळखता आला. तू तो न बघता लिहितोस, मला माहीत आहे, तेव्हाही लिहायचास. ज्याला बेचाळीस वर्षांपूर्वीचा दुसऱ्याचा डाव आठवतो, त्याला स्वतःची टोपी आठवेल ना?

चाळीस पानांचं वाचून हसू आलं. मला दहा वर्षं पडली ती अलेखिनच्या अर्ध्या तासाची. चाळीस पानांना तेव्हाच्या दराने किती पडली असती, हिशेब कर. तुझ्या हिशेबात मी कच्चा आहे.

आईला सांग, मफलर बांधतो.

केशा

⁂

मॉस्को, २० ऑक्टोबर १९५६

केशा,

उत्तराला उशीर झाला, तीन महिने झाले बहुतेक. वर्तमानपत्राने मला इथे स्पर्धेला पाठवलंय. अलेखिनच्या स्मरणार्थ आहे! व्यासपीठाच्या मागे त्याचं दोन माणसांएवढं चित्र आहे आणि खाली फुलं. सारं सभागृह भरलेलं, जागा नाही म्हणून लोक जिन्यावर बसतात. काल भाषण झालं, 'आपल्या मातीने जगाला दिलेला सर्वांत थोर खेळाडू'. सगळे उभे राहिले. मीही राहिलो, टाळ्याही वाजवल्या. तेच शब्द, केशा. तू त्या दिवशी कपाटाला टेकून हेच बोलला होतास, जवळजवळ याच क्रमाने. मला ते आठवतं. सगळं आठवतं.

उपाहारगृहात बसून लिहितोय, समोर थोडी वोडका आहे, म्हणून लिहून टाकतो. निवेदनात मी लिहिलं की मंडळात चिठ्ठ्या काढण्याची पद्धत होती, पण त्या दिवशी काढल्या की नाही हे आता सांगता येत नाही. अदलाबदलीचं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते विचारणार, मग वहीत निराळं का? तेव्हा खोटं लिहिलंत की आता? पुस्तक छपाईला आहे. मुलगी विद्यापीठात आहे. मला वाटलं, एवढ्यानेही तुझं काम होईल. हल्ली सगळ्यांचीच होताहेत.

आणि तू बिनकागदाचा येणार नाहीस म्हणालास ते फार बरं केलंस. जुलैत ते वाचून जीव भांड्यात पडला. आलेला माणूस सापडला की ज्यांच्याकडे गेला त्यांनाही विचारतात. तुझ्या भल्याचंच बोलतोय.

मावशीकडे ऑगस्टनंतर जाणं झालं नाही, कामाचा डोंगर होता. तेव्हा बरीच थकली होती. म्हाताऱ्या माणसांसारखं काहीबाही बोलत होती. परत गेलो की आधी तिकडे जाईन.

एकदा मनापासून सांग, तुझ्या मते तू त्या दिवशी बरोबर होतास का? अलेखिन खरंच सर्वांत थोर होता?

वेन्या

⁂

लेनिनग्राड, २९ ऑक्टोबर १९५६

आदरणीय इनोकेंती प्लातोनोविच,

मी तुमच्या आईची शेजारीण, आग्लाया त्रोफिमोव्हना. तार पाठवली होती, ती 'पत्ता अपुरा' म्हणून परत आली, म्हणून पत्र लिहिते. तुमच्या आई उस्तिन्या सावेल्येव्हना १७ तारखेला दुपारी वारल्या. शनिवारी स्मोलेन्स्कोये दफनभूमीत ठेवलं. आम्ही चौघी होतो, ट्राम डेपोतल्या बायका. पाऊस होता, पण खड्डा कोरडा मिळाला.

मला शब्द फिरवून बोलता येत नाही, तर सरळच विचारते. तुम्ही आला का नाहीत?

तुम्हाला कळवलं नाही असं तर नाही ना? तुमचे ते टक्कलवाले मित्र उन्हाळ्यात पत्र लिहून घ्यायला बसले तेव्हा मी खोलीतच होते, चड्ड्या इस्त्री करत होते. आईंनी सगळं सांगितलं आणि मित्राने सगळं लिहिलं, पेन थांबलं नाही. म्हातारी म्हणाली, 'केशा, कागदाची वाट बघू नको. चोरासारखा ये, एका दिवसासाठी ये. मी पानगळीच्या पुढे जात नाही, माझं मला कळतं. मला तोंड दिसणार नाही, पण हात लावून बघीन.' मी इस्त्री खाली ठेवली होती ते ऐकून. मग म्हणाली, 'लिहिलंस का, वेन्या? वाचून दाखव.' त्यांनी वाचून दाखवलं. शब्दन्‌शब्द तसंच वाचलं.

त्यानंतर त्या रोज दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. बाहेरचं दार वाजलं की हात पुढे करायच्या. मी कामावरून आले की माझ्याही तोंडावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, 'नाही, तू आग्लाया.' ऑगस्टमध्ये तुमचे मित्र आले तेव्हा आईंनी विचारलं, माझ्या केशाचं काय उत्तर आलं? ते म्हणाले, टपाल उशिरा येतं.

मी तुम्हाला वाईट बोलायला लिहीत नाही. तुमचं काय काय झालं ते मला माहीत आहे. पण मला समजून घ्यायचंय, एवढं ऐकून माणूस कसा येत नाही?

जिरेनियमची कुंडी मी घेतली आहे. बाकी सामान खोक्यात बांधून ठेवलंय.

आग्लाया त्रोफिमोव्हना

⁂

वोर्कुता, २५ नोव्हेंबर १९५६

वेनियामिन लुकिच,

आई गेली. तुला एव्हाना कळलं असेल. आग्लायाचं पत्र मला १० तारखेला मिळालं आणि १२ तारखेला कार्यालयात बोलावून कागद हातात दिला. गुन्हा घडलाच नव्हता, म्हणून खटला रद्द. आता मी लेनिनग्राडला राहू शकतो.

तुझं निवेदन त्यांनी मला वाचून दाखवलं. तिथला तरुण अधिकारी बुद्धिबळ खेळणारा निघाला, तुझं सदर वाचतो. म्हणाला, याचा आम्हाला काही उपयोग झाला नाही, पण गरजही नव्हती, असल्या फायली आम्ही ढिगाने मिटवतो आहोत. म्हणजे तू खरं लिहिलं असतंस तरी तुला कुणी काही विचारलं नसतं. तू उगाच घाबरलास. मी उगाच वाट बघितली.

वहीचं मी तुला माफ केलं होतं, ते अजूनही माफ आहे. तिथे तुझ्या समोर ते बसले होते. पण जुलैत त्या खोलीत कोण बसलं होतं? एक आंधळी म्हातारी आणि इस्त्री करणारी एक बाई. तिने 'ये' म्हटलं आणि तू 'घाई करू नकोस' लिहिलंस, आणि तिने वाचून दाखव म्हटल्यावर कागदावर नसलेलं वाचून दाखवलंस. तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली? मी पकडला जाईन म्हणून लिहिलं नाही, असं म्हणशील. थोडं खरंही असेल. मी तुझ्या दारात उभा राहीन, ही भीतीही असेल. जे असेल ते, पण पकडलं जायचं की नाही हे मला ठरवायचं होतं. माझी रजा मंजूर होती. गार्ड तयार होता. ती दाराशी खुर्ची टाकून बसली होती. पंधरा दिवस मी बॉयलरसमोर उभा राहून एवढंच घोकतोय, दुसरं काही सुचत नाही.

तू विचारलंस, अलेखिन खरंच सर्वांत थोर होता का. मला माहीत नाही. मी चिठ्ठीची बाजू लढवली होती. वेगवेगळ्या काळातल्या दोघांची तुलना करता येते की नाही, हेही मला आता सांगता येणार नाही. भत्ता लावून येत असेल, तुला जास्त कळतं. पण तू पत्रापत्रात म्हणतोस ना, ते दिवस वेगळे होते, माणसाला त्याच्या काळाच्या मापाने मोज. मोजलं. तू आणि मी एकाच वर्षी जन्मलो, एकाच शेडमध्ये उभे राहिलो, एकाच टोपीत हात घातला. तुझ्या तक्त्याच्या नियमाने आपल्या दोघांना भत्ता सारखाच मिळतो. तो दोन्हीकडून वजा कर आणि काय उरतं ते बघ.

प्रस्तावनेतून माझं नाव काढ.

मी आईचं सामान घ्यायला येईन, तेव्हा आग्लायाकडे उतरेन. तू स्टेशनवर येऊ नकोस.

सोबत आईचं पत्र परत पाठवतोय, तू लिहिलेलं. खाली बरीच जागा कोरी आहे, तिची चार वाक्यं सहज मावतील. तिने सांगितली तशी, त्याच क्रमाने, तुझ्या हाताने त्यात लिही. आग्लायाने मला ती कळवली आहेत, त्यामुळे एकही शब्द बदललास तर मला कळेल. लिहून झालं की कागद मला परत पाठव. सोबत दुसरं काही लिहू नकोस.

इ. झाव्यालोव्ह